बसल्या जागेवरून केलेला विरोध

आईला सकाळपासून एकच काळजी कुरतडत होती. आपला मुलगा आज उभा राहील का?

उभा म्हणजे निवडणुकीला नव्हे. ते होऊन गेलं होतं. नगरपालिकेच्या सभेत, सगळ्यांदेखत, खुर्चीतून उठून दोन पायांवर उभं राहायचं, एवढंच काम होतं. इतर बायका मुलाला नोकरी नाही म्हणून झुरतात, लग्न जमत नाही म्हणून झुरतात. हिच्या मुलाचं दुकान चालत होतं, संसार चालत होता, चारचौघांत मान होता. फक्त वेळेला गुडघे सरळ होत नव्हते. डॉक्टरांना दाखवण्यासारखाही हा आजार नव्हता. डॉक्टरांनी 'काही नाही ना?' असं विचारलं असतं तर तो 'काही नाही' म्हणून परत आला असता.

मुलगा चष्मेवाला. बाजाराच्या रस्त्यावर, घड्याळजी आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये दाबून बसवल्यासारखं त्याचं दुकान होतं. समोर अक्षरांची पाटी, तीन बाजूंना आरसे, आणि मध्ये हा. दिवसभर डोळ्यांपुढे भिंगं बदलत तो विचारायचा, 'हे स्पष्ट की हे?' आणि गिऱ्हाईक म्हणेल त्याला मान डोलवायचा. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी आपला जुनाच नंबर बरोबर आहे असा हट्ट धरला. पाटीवरची एकही ओळ त्यांना वाचता आली नव्हती, तरी याने जुन्याच नंबराचा चष्मा करून दिला. संध्याकाळी ते तो घालून शेजाऱ्यांच्या घरात शिरले आणि जेवायला बसले. शेजारी चांगले होते म्हणून निभावलं.

लहानपणापासून तो असाच. गल्लीतल्या दोन्ही टोळ्यांनी खेळायला बोलावलं तर तो दोन्हीकडून खेळायचा. अर्धा डाव यांची फलंदाजी, अर्धा डाव त्यांची. त्यामुळे तो कधी हरला नाही आणि त्याला कधी कुणी विजयी म्हणून खांद्यावर घेतलंही नाही. आईने सांगितलं की 'हो', वडिलांनी बरोबर उलट सांगितलं की तितक्याच मनापासून 'हो'. शेवटी ज्याचा शब्द त्याच्या कानावर पडला, तोच त्याचा निर्णय. खोटेपणा त्यात औषधालाही नव्हता. समोरच्याचा चेहरा पडलेला त्याला बघवत नसे, एवढीच गोष्ट.

असा माणूस राजकारणात जाणार नाही, असं आईला वाटायचं. आयुष्यभर तिने शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं, म्हणून तिला असे गैरसमज होते.

झालं असं, की वॉर्डातले दोन गट एकमेकांच्या उरावर बसले होते. दोघांनीही चष्मेवाल्याला आपल्या उमेदवाराचा सूचक म्हणून सही करायला सांगितलं आणि त्याने दोघांनाही सही दिली. छाननीत एकच सूचक दोन्हीकडे निघाला, भांडण पेटलं आणि दोन्ही अर्ज बाद झाले. उरला तिसरा अर्ज. तो याचाच होता. अर्ज फारच कमी आलेत, तुम्हीही एक भरून टाका, असं निवडणुकीच्या कारकुनाने त्याला सुचवलं होतं, आणि कारकुनाचं मन मोडणं त्याच्या जिवावर आलं होतं. अशा रीतीने तो बिनविरोध निवडून आला. मिरवणुकीत दोन्ही गट नाचले.

नगरपालिकेत गेल्यावर त्याचं नाव पडलं 'अनुमोदक'. ठराव मांडणारा कुणीही असो, अनुमोदन द्यायला हा. पुढे पुढे तर त्याच्याकडे कुणी बघायचंही बंद केलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे वेळ चुकीची असेल म्हणून कुणी बघतं का?

आता नदीतली रेव काढायचे परवाने कसे मंजूर होतात याबद्दल गावात काही लोक उगाच कुरकुर करत असत. त्यांना आतली शिस्त माहीत नव्हती, दुसरं काय. मुलाकडून ती सगळी ऐकल्यावर आईला तर भरून आलं होतं.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे रेव कुणी काढतच नव्हतं. नदीची सफाई होत होती. पात्रात गोटे साचतात, नदीला वाहायला त्रास होतो, म्हणून एक दयाळू ठेकेदार ट्रकच्या ट्रक भरून ते गोटे घेऊन जात असे. पुढे त्याच गोट्यांची घरं होत आणि रस्ते होत, ही त्याच्या दयाळूपणाला मिळालेली जोड. पाहणी केल्याशिवाय परवाना द्यायचा नाही असा कडक नियम होता. त्यामुळे नगरपालिकेचे इंजिनियर दर वेळी जातीने नदीवर जात. ठेकेदाराच्या जीपमधून जात, कारण ट्रकांनी उकरलेल्या त्या रस्त्यावर नगरपालिकेची गाडी चालत नसे. धूळ फार म्हणून काचा वर, ऊन फार म्हणून काचा काळ्या. एवढ्या अडचणींतूनही त्यांना नदी गोट्यांनी गच्च भरलेली दिसायची. दृष्टीचा हा तेजस्वीपणा बघून चष्मेवाल्यालाही नवल वाटे.

ठेकेदार म्हणजे अध्यक्षांचे साडू. पण अध्यक्ष तत्त्वाचे पक्के. साडूंचा विषय निघाला की ते ताडकन खुर्ची सोडत आणि शेजारच्या खुर्चीत बसत. शेजारचे उपाध्यक्ष उठून त्यांच्या खुर्चीत येत. अध्यक्षांना पाठीचा त्रास होता, म्हणून त्यांची उशीही त्यांच्याबरोबर जाई. मग त्या शेजारच्या खुर्चीतून ते हलक्या आवाजात उपाध्यक्षांना 'हं, घ्या पुढे' एवढंच सांगत. विषय मंजूर झाला की खुर्च्यांची आणि उशीची पुन्हा अदलाबदल. नातेसंबंध आणि कारभार यांच्यात इतकं स्वच्छ अंतर दुसरं कुणी ठेवलं असेल असं वाटत नाही. चांगलं हातभर असेल.

विषयाची वेळही ठरलेली. दारात चहाचा ट्रे दिसला की कारकून रेवेचा विषय वाचायला घेई. मतदानाची रीत तर जुनी, वाडवडिलांपासूनची. ज्याचा पाठिंबा असेल त्याने बसल्या जागेवरून हात वर करायचा. ज्याची हरकत असेल त्याने उभं राहायचं. आणि उभ्या सभासदाचं म्हणणं संपल्याशिवाय सभा पुढे न्यायची नाही. हा शेवटचा नियम अध्यक्ष प्राणापलीकडे जपत. जपायला सोपा होता. कित्येक वर्षांत कुणी उभंच राहिलं नव्हतं.

हे असंच सुखात चाललं असतं. पण चष्मेवाल्याच्या मुलीची पाण्याची बाटली पडली.

नदीच्या पलीकडे शाळा आणि अलीकडे वॉर्ड. मधे एक पादचारी पूल. वॉर्डातली सगळी मुलं त्याच पुलावरून जात-येत. एका दुपारी चष्मेवाला मुलीला आणायला गेला असताना पुलाच्या कठड्यातून तिची बाटली खाली गेली. बाटली नवी होती, मुलीचा चेहरा पडला, आणि पडलेला चेहरा याला बघवत नाही हे आधी सांगितलंच आहे. तो खाली उतरला. तिथून त्याने पहिल्यांदाच पूल खालून पाहिला. हिरड्या सुटून दात उघडे पडावेत तसे पुलाचे खांब उघडे पडले होते. पाया म्हणून जो काही होता तो हवेत लोंबत होता. मधल्या खांबाखाली इतकी पोकळी झाली होती की त्यात एक कुत्री पिलं घालून राहिली होती. वरून मुलं पळत गेली की खाली माती भुरभुरत होती. पिलांना सवय झालेली असावी. त्यांनी मानाही उचलल्या नाहीत.

त्या रात्री तो जेवला नाही. ताट पुढे सारून म्हणाला, "आई, पुढचा परवाना पुलाच्या अगदी लगतचा आहे. मी या वेळी नाही म्हणणार."

आईने हातातली पळी खाली ठेवली. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून तिने याआधी फक्त शाळेच्या धड्यातून ऐकला होता. आनंद झालाच, पण त्या आनंदाच्या मागोमाग काळजीही आली आणि पाय पसरून बसली.

तिने त्याला मुद्दे पाठ करून दिले. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा ते सांगितलं. उभं राहा, हे तर दारातून जाताना तीनदा बजावलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या खिशात सभेतली बिस्किटं होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"बोललास का?" आईने विचारलं.

"हात वर केला होता."

"उभा राहिलास?"

"उभा कसा राहणार आई? त्यांनी अजून बोलायची परवानगी कुठे दिली होती?"

म्हणजे झालं होतं ते असं. कारकुनाने विषय वाचला. याने सभ्यपणे, बसल्या जागेवरून, हरकत घ्यायची परवानगी मागण्यासाठी हात वर केला. आयुष्यातला पहिला विरोध करायचा, तर तो विचारून करावा, असं त्याला वाटलं. उपाध्यक्षांनी बघितलं, तर अनुमोदकांचा हात वर. ते म्हणाले, अनुमोदन आलेलं आहे, धन्यवाद. तेवढ्यात शिपायाने याच्यापुढे चहा धरला. शिपायाला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही म्हणून याने वरचा हात खाली घेऊन कप घेतला. पुलालगतची नदी साफ करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि अनुमोदक म्हणून याचं नाव लागलं.

सून इस्पितळात नर्स. दिवसभर माणसांना सुया टोचून आल्यावर घरी टोचायला ती कधी दमत नसे. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाही यांनी हात वरच केला होता, आई. पाणी मागायला. सगळे म्हणाले, मुलाची पसंती आहे."

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

दुसऱ्या दिवशी तो अध्यक्षांकडे गेला. एवढं तरी त्याने केलं. अध्यक्षांनी त्याला जवळ बसवून घेतलं, खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले की गैरसमज झाला असेल तर काळजीच नको; पुढच्या सभेत पहिलाच विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो, तेव्हा काय ती हरकत घ्या. एकदा कायम झालं की जे लिहिलंय तेच घडलं असं धरायचं आणि काम सुरू करायचं. तोवर एकही ट्रक नदीत उतरणार नाही, माझा शब्द. आणि निघताना सहज विचारल्यासारखं विचारलं की पूल सौंदर्यीकरण समितीचं अध्यक्षपद तुम्ही घ्याल का, तुमच्यासारखा डोळे असलेला माणूस हवा आहे. पुलाला कोणता रंग द्यावा?

तो फिकट निळा म्हणाला.

त्यानंतर एक चमत्कार झाला. ठेकेदाराच्या सगळ्या ड्रायव्हरांची दृष्टी एकाच आठवड्यात अधू झाली. एकामागून एक ते दुकानात येऊ लागले. पाटीवरची शेवटची ओळ, जी खुद्द चष्मेवाल्यालाही पाठांतरानेच येत होती, ती ते घडाघडा वाचून दाखवत आणि मग म्हणत, काही दिसत नाही, चांगली महागातली फ्रेम दाखवा. त्याने सगळ्यांना साध्या काचा घालून दिल्या. गिऱ्हाईक मागतंय तर नाही कसं म्हणणार? आईने विचारलं की हे काय चाललंय ते तुला कळतंय का. त्याने खाली मान घालून सांगितलं की कळतं. कळत होतं, हे ऐकून आईला जास्त वाईट वाटलं. न कळणाऱ्याला शिकवता येतं. शिकवण्यात तिचा हातखंडा होता.

सभेच्या आदल्या आठवड्यात घरात तालीम झाली. नात अध्यक्ष झाली. सोफ्यावर चढून, लाटणं आपटून ती ओरडायची, 'कुणाची हरकत?' आणि चष्मेवाला जेवणाच्या खुर्चीतून तटकन उभा राहायचा. घरी त्याला काही अडचण नव्हती. चारपाच वेळा तर तो नातीच्या 'कुणाची' लाच उठला. सून दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, हे तिथे खुर्चीला चिकटतील बघा. उद्यापासून मी मुलीला लांबच्या रस्त्याच्या पुलाने सोडेन, पण बाकीच्या मुलांचं काय?

चष्मेवाल्याने मुलीला लाटणं पुन्हा एकदा आपटायला सांगितलं.

आणि आज सकाळी अध्यक्षांनी त्याला न्यायला स्वतःची गाडी पाठवली. गाडीत स्वतः अध्यक्षही होते. म्हणजे शेवटी कानावर पडणारा शब्द कुणाचा असणार हे ठरलंच. मुलगा गाडीत बसताना आईकडे बघून हसला. ते हसू तिने चांगलं ओळखलं. परीक्षेला जाताना तो असाच हसायचा, आणि पेपर कोरा देऊन यायचा, कारण शेजारच्याने पेन मागितलेलं असायचं.

गाडी वळताच तिने चपला पायात सरकवल्या. सून म्हणाली की तुम्ही तिथे दिसलात तर ते आणखी घाबरतील.

"घाबरू दे. माझ्याकडे बघून तरी घाबरेल."

सभागृहाच्या दारात शिपायाने तिला अडवलं. तिने सांगितलं, सभा बघायला आले आहे. शिपायाला आधी ते समजेना. प्रेक्षकांसाठी मागे दोन बाकं होती, नियमात होती म्हणून होती. त्यांच्यावर नादुरुस्त पंखे रचून ठेवले होते. त्याने एक पंखा उचलून तिच्यापुरती जागा केली आणि बजावलं की चहा मिळणार नाही हं आजी, तो मोजून येतो. मोबाइल मात्र बंद ठेवा. हे त्याने दारातून आत येणाऱ्या प्रत्येक सभासदाला सांगितलं होतं. वाटेत अध्यक्षांच्या घरी थांबून मागाहून आलेल्या चष्मेवाल्यालाही सांगितलं आणि तो 'हो हो' म्हणाला, हे तिने स्वतः पाहिलं.

हो म्हणाला, पण त्याला फोनचा आवाज बंद करता येत नव्हता. ते काम नातीचं. नातीनेच त्यात उद्योग करून ठेवला होता. आजीचा फोन आला की कोंबडा आरवायचा, चांगला गळा काढून. बदलू का, असं त्याने तिला एकदा विचारलं होतं. तिचा चेहरा पडला, विषय संपला. आणि आईचा फोन आला की तो उभा राहायचा. दुकानात आरशांच्या गर्दीत नीट ऐकू येत नाही म्हणून उठून दाराशी जायची सवय, ती अंगातच मुरली. जेवताना उठायचा, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना उठायचा. एका घरी सांत्वनाला गेला असताना कोंबडा आरवला, हा उभा राहिला, आणि याला बघून बसलेली सगळी माणसं निघायची वेळ झाली असं समजून उठली. त्या घरच्यांनी नंतर आभार मानले म्हणे.

सभा सुरू झाली. अध्यक्षांनी पहिला विषय पुकारला, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. कारकून एकसुरात वाचू लागला. दिवे, गटारं, कुणाचं तरी अभिनंदन. मग पुलालगतच्या नदीपात्राची सफाई आली आणि सभागृहात हालचाल झाली. अध्यक्ष उठले, उशी काखेत घेतली, शेजारच्या खुर्चीत बसले. उपाध्यक्ष त्यांच्या जागी आले आणि खुर्ची गार लागल्यासारखे टेकले. कारकुनाने सूचकाचं नाव वाचलं. अनुमोदकाचं वाचलं आणि चष्मेवाल्याकडे मायेने बघितलं.

उपाध्यक्ष म्हणाले, "कुणाची हरकत?"

आईने मुलाकडे बघितलं. तिला त्याची पाठमोरी मान दिसत होती, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. त्याच्यापुढे टेबलावर फोन ठेवला होता. तो खुर्चीच्या कडेवर सरकला. आता उठेल, असं तिला वाटलं. गुडघ्यांनी काहीतरी प्रयत्न केला असावा, कारण खुर्ची करकरली. अध्यक्षांनी शेजारून वळून त्याच्याकडे बघितलं आणि जरासा चेहरा पाडला.

झालं. तो पुन्हा मागे टेकला. आणि त्याचा उजवा हात टेबलावरून हळूहळू वर यायला लागला. परवानगी मागायला.

हात खांद्याच्या वर गेला की संपलं. पुन्हा अनुमोदन, पुन्हा धन्यवाद, आणि दुपारच्या आत ट्रक खाली उतरतील. तिने पर्स उघडली. सगळं गाव हसेल हे तिला स्वच्छ दिसत होतं. एवढा बाप्या माणूस, नगरपालिकेचा सभासद, आईच्या फोनवर उठतो म्हणतील. 'अनुमोदक' जाऊन 'कोंबडा' नाव पडेल, आणि ते दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त टिकेल. तो उठला तरी उठून काय म्हणेल, याची तर तिलाच काय, खुद्द त्यालाही खात्री नसेल. कदाचित 'आई, मी सभेत आहे' म्हणून पुन्हा बसेल.

पण उभ्या सभासदाचं म्हणणं संपल्याशिवाय सभा पुढे नेता येत नाही. आणि अध्यक्ष नियमाचे पक्के होते.

कारकुनाने पान उलटायला बोट ओलं केलं. मुलाचा हात कोपरापर्यंत उचलला गेला होता. आईने चष्मा नाकावर नीट बसवला, त्याच्याच दुकानातला, आणि त्याला फोन लावला.